प्रश्न उद्भवत नाही

माझ्या औषध दुकानात काउंटरवर, वजनकाट्याशेजारी, एक जुना मोबाइल टेकवून ठेवलेला असतो. अधिवेशन चालू असलं की त्यावर विधानसभेचं कामकाज लागतं. ही सवय सासऱ्यांची. ते रेडिओवर सातच्या बातम्या लावून गोळ्या मोजायचे, मी प्रश्नोत्तराचा तास लावून मोजते. गिऱ्हाइकांना याचा भारी कंटाळा. परवा एक पोरगा ओआरएसची पाकिटं घेता घेता म्हणाला, "वहिनी, हे काय लावलाय? त्यापेक्षा खासबागेतली कुस्ती तरी लावायची." त्याच्या मागं उभा असलेला म्हणाला, "हीबी कुस्तीच हाय की लगा, फक्त रोज बरोबरीत सोडवत्यात."

खरं तर बघण्यापेक्षा मला वाचायला जास्त आवडतं. तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, याद्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. दुपारी दोन ते चार आमची कोल्हापूरची मंगळवार पेठ झोपलेली असते, तेव्हा मी त्या वाचते. त्यांची भाषा ठरलेली. "...पदे रिक्त असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय? असल्यास, याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तरंही ठरलेली. "होय, हे खरे आहे" क्वचित. "हे अंशतः खरे आहे" बऱ्याचदा. आणि सगळ्यात शेवटी, खाली, एकट्यानं बसलेलं ते वाक्य : "प्रश्न उद्भवत नाही." आमच्या घरात ते आता बोलीभाषेत आलंय. लेकीनं रात्री अकरा वाजता मॅगी मागितली की मी दुसरं काही बोलतच नाही.

आरोग्यावरचे प्रश्न मी जरा निगुतीनं वाचते, धंदाच तो पडला. आमदार काय विचारतात, हे मला आता न वाचताही सांगता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी नाही. ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचं मशिन आहे, पण चालवणारा नाही. कुत्रा आणि साप चावल्यावरची लस संपली. रुग्णवाहिका आली, ड्रायव्हर कंत्राटी, त्याचा पगार थकला. इमारत बांधून तयार, पदनिर्मितीला मंजुरी नाही. हे प्रश्न खोटे नाहीत, एकही नाही. चंदगडच्या किंवा गगनबावड्याच्या वाडीवरून माणूस रात्रीचा खाली आणायचा म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्याला सांगायला नको. आमदारानं हे विचारलंच पाहिजे.

आणि कुणाला विचारायचं, हा वेगळाच घोळ. खेड्यात ताप आला तर दवाखाना जिल्हा परिषदेचा. ताप चढला आणि गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं तर तिथं सार्वजनिक आरोग्य विभाग. शहरात ताप आला तर महापालिका, म्हणजे सावित्रीबाई फुले नाहीतर पंचगंगा रुग्णालय. आणि कुणालाच आवरला नाही की थोरला दवाखाना, म्हणजे सीपीआर, ते वैद्यकीय शिक्षणाचं. एका तापाला चार मालक. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरसकट उपचार मोफत झाले, तेव्हा "वहिनी, सीपीआर त्यात येतंय काय?" हे दिवसातनं दहा जण मला विचारायचे. खातं वेगळं असतं, हे तापलेल्या माणसाला कुठनं ठाऊक असणार? त्यातून डिसेंबर २०२४ च्या खातेवाटपात सार्वजनिक आरोग्य राधानगरीच्या प्रकाश आबिटकरांकडं आलं आणि वैद्यकीय शिक्षण कागलच्या हसन मुश्रीफांकडंच राहिलं. दोन्ही खाती एकाच जिल्ह्यात! त्या दिवशी दुकानात कोण म्हणालं आठवत नाही, पण म्हणालं, "आता कोल्हापुरात शिंकायचं असंल तरी मंत्रालयात कळवायला पायजे." शेंडा पार्कात अकराशे खाटांचं रुग्णालय व्हायचंय, त्याचीही चर्चा काउंटरवर जोरात असते. खाटा म्हटल्या की आम्ही खूश.

या सगळ्यात एक गोष्ट मला कधीच सापडत नाही. आमच्या शेजारचा दवाखाना.

तो यंदा पाडव्याला बंद झाला. डॉक्टरांनी १९७६ साली उघडला होता. बाहेर लाकडी बाक, आत हिरवा पडदा, पडद्याच्या अलीकडं कंपाउंडर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो कंपाउंडर अजून खलबत्त्यात गोळ्या कुटून कागदाच्या पुड्या बांधायचा आणि मिक्श्चरच्या बाटलीला दाते कापलेली कागदी पट्टी डकवायचा, एक दाता म्हणजे एक डोस. पुढं पुड्या गेल्या, कंपाउंडर गेला, डॉक्टर राहिले. फी शेवटपर्यंत शंभर रुपये, तीही बघून. माझे सासरे त्यांचे मित्र, म्हणून मी त्यांची सूनबाई. २०१९ च्या ऑगस्टात महापुरानं शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि कित्येक दिवस स्टॉकिस्टची गाडीच आली नाही. तेव्हा डॉक्टर रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या दुकानात येऊन उभे राहायचे. "सूनबाई, बीपीचं काय काय शिल्लक आहे ते सांग." मी सांगायची. मग त्या दिवशी येणाऱ्या पेशंटच्या गोळ्या माझ्या फळीवर काय आहे ते बघून बदलायचे, आणि कुणाची बदलली ते मागच्या पानावर लिहून ठेवायचे. पूर उतरल्यावर एकेकाची परत जागेवर आणली. याला आरोग्यसेवा म्हणायचं की शेजारधर्म, मला माहीत नाही. कुठल्या लेखाशीर्षात बसत नाही एवढं नक्की.

आता ती खुर्ची मोकळी आहे. पण "रिक्त" नाही. रिक्त व्हायला आधी पद मंजूर असावं लागतं. ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरात २०,००० मागे एक, असं मोजमाप सरकारकडं आहे, म्हणून तिथला डॉक्टर नसला की आमदाराला विचारता येतं. आमच्या गल्लीत पाव शतकाहून जास्त मी स्वतः बघितलेला डॉक्टर उठून गेला, तर सरकारच्या वहीत कुठली रेघ हलणार? त्याच्याकडं कॉट नव्हत्या, म्हणून नर्सिंग होमच्या नोंदणीतही तो नव्हता. तो कधी आलाच नव्हता, मग गेला कुठनं?

आमच्या कोपऱ्यावरच्या आजींचं सांगते. गेल्या हिवाळ्यात, डॉक्टर दोन महिने लेकाकडं पुण्याला गेले होते तेव्हाची गोष्ट. आजींना चक्कर आली म्हणून नातवानं त्यांना एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं बीपी जास्त निघालं, ॲम्लोडिपिन पाचची होती ती दहाची केली. बरोबरच केलं असेल, बीपी चढलेलं होतं. तीन आठवड्यांनी आजी दुकानात आल्या त्या नातवाची बाथरूम स्लीपर घालून. "मी चप्पल घालायला गेलो तर पाय बसंना बघ आत," म्हणाल्या. (आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये.) घोटे सुजून लोण्याच्या गोळ्यासारखे झालेले. बोट दाबलं तर खळगा राहत होता.

मला तेव्हाच शंका आली होती. या गोळीनं पाय सुजतात, डोस वाढला की जास्त सुजतात, हे औषधाच्या दुकानात वीस वर्षं काढलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पण दुकानदारानं चिठ्ठीत नाक खुपसायचं नसतं. मी एवढंच म्हटलं, "आजी, परत दाखवून या, गोळी वाढवल्याचं सांगा." त्या गेल्या, पण त्या दिवशी डॉक्टर दुसरे होते. हृदय बघायला इको, किडनी बघायला सोनोग्राफी, रक्त, लघवी. सगळं ठीक निघालं, तरी लघवीची गोळी जोडली. त्या गोळीनं आजी रात्रीतनं चारदा उठायला लागल्या. एकदा उठताना पडल्या, नशीब हाड मोडलं नाही. एकूण खर्च सात हजार दोनशे, नातवानं बिलं माझ्याच काउंटरवर जुळवली म्हणून आकडा लक्षात आहे. त्यानं विचारलं, "काकू, महात्मा फुले योजनेत बसंल काय हे? पाच लाखापर्यंत हाय म्हणत्यात." मी म्हटलं, "बाळा, ॲडमिट झाल्या होत्या का?" नाही. मग नाही.

डॉक्टर परत आले. आजी बाकावर बसल्या, पाय पुढं केले. डॉक्टरांनी पायाकडं बघितलं, मग पिशवीतली गोळ्यांची पट्टी उलटी करून बघितली. "पाचची होती ती दहा कधी झाली?" एवढंच विचारलं. दहाची परत पाच केली, जोडीला दुसरी एक अर्धी गोळी दिली, लघवीची बंद केली. दहा दिवसांनी आजी स्वतःच्या कोल्हापुरी चपलेत आल्या आणि बाहेरनंच पाय वर करून दाखवला.

हॉस्पिटलनं काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. त्यांना आजी माहीत नव्हत्या, इतकंच. समोर सुजलेले पाय होते, त्यांची तपासणी त्यांनी केली. आजींचे आधीचे पाय डॉक्टरांनी बघितले होते.

मग रात्री हिशेब लिहून झाला की मी आकड्यांत डोकं घालते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशभरातल्या लोकांना विचारलं होतं, आजारी पडल्यावर कुठं गेलात? ॲडमिट व्हायचे आजार सोडून. शंभरातले तीस सरकारी दवाखान्यात गेले, तेवीस खाजगी हॉस्पिटलात, आणि त्रेचाळीस खाजगी डॉक्टरकडं, म्हणजे बाकावाल्या, पडदेवाल्या दवाखान्यात. सगळ्यात मोठा घास तोच. सभागृहात चर्चा तीसांची होते, योजना ॲडमिट होणाऱ्यांसाठी निघते, आणि त्रेचाळीस जण शंभराची नोट काढून गप घरी जातात.

पैशाचंही तेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की सरकारचा आरोग्यावरचा खर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्क्यांवर न्यायचा, आणि राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्याला द्यायची, तीही २०२० पर्यंत. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत केंद्र-राज्य मिळून १.८४ टक्के भरले, ते कोविडच्या काळात. आपलं श्रीमंत महाराष्ट्र राज्य त्या आठ टक्क्यांच्या बरंच अलीकडं थांबलेलं आहे. लोकांच्या खिशातनं जाणारा वाटा मात्र कमी झालाय, हे कबूल करायला हवं. २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्यखर्चातले ६४.२ टक्के लोक स्वतः भरायचे, २०२१-२२ मध्ये ३९.४. पण त्या उरलेल्यातला मोठा भाग औषधांचा असतो, आणि तो कुठं भरला जातो ते मी रोज गल्ला उघडून बघते. माझं पोट त्याच्यावर आहे, हे लपवून मी लिहिणार नाही. जेनेरिक मागणाऱ्याला मी जेनेरिक देते. न मागणाऱ्याला दरवेळी सांगते असं छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

नणंदेची लेक कॅनडात असते, ऑन्टॅरिओ प्रांतात. तिला तिथं जाऊन तीन वर्षं झाली, अजून फॅमिली डॉक्टर मिळालेला नाही. तिकडं डॉक्टरची फी सरकार भरतं, पण डॉक्टरच्या यादीत आपलं नाव लागावं लागतं आणि याद्या भरलेल्या. आम्हाला आधी हसू आलं. "अगं इकडं ये, शंभर रुपयात दाखव," असं नणंद फोनवर म्हणाली. मग तिच्या लेकीनं सांगितलं की तिथल्या विधानसभेत विरोधक यावरून सरकारला सोडत नाहीत : वीस लाखांहून जास्त लोकांना फॅमिली डॉक्टर नाही, काय करताय? जानेवारी २०२५ मध्ये सरकारला त्यासाठी १.८ अब्ज डॉलरची योजना जाहीर करावी लागली. मला त्या डॉलरपेक्षा त्या वीस लाखांचं नवल वाटलं. त्यांना मोजता येतंय! कोण कुणाचा पेशंट, याची नोंद आहे, म्हणून कोण कुणाचाच नाही हेही कळतं. मंगळवार पेठेत किती घरांना आता नेहमीचा डॉक्टर नाही, हे कुणाला विचारायचं? मतदारयादी आहे, रेशनकार्डांची यादी आहे, पाणीपट्टीची थकबाकी तर नावानिशी आहे.

डॉक्टरांच्या जागी कुणी येणार नाही. त्यांचा लेक रेडिओलॉजिस्ट आहे. माझा भाचा मिरजेला एमबीबीएस करतोय, त्याला मी विचारलं, तू बसतोस का इथं, बाक आणि पडदा तयार आहे. तो हसला. "मावशी, नुसत्या एमबीबीएसला आता कोण डॉक्टर म्हणतंय?" फॅमिली मेडिसिन नावाचं पदव्युत्तर शिक्षण असतं, त्याची डीएनबी ही पदवी मिळते, हेही त्यानंच सांगितलं, पण वर्गातलं कुणी तिकडं जायचं म्हणत नाही. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीनं मार्च २०१६ च्या ९२ व्या अहवालात फॅमिली मेडिसिनचं पदव्युत्तर शिक्षण भक्कम करा, असं सरकारला सांगितलं होतं. म्हणजे खासदारांपैकी कुणाला तरी हा प्रश्न उद्भवला होता. आमच्याकडं विधिमंडळात लहान दवाखान्याचं नाव निघतं ते दोनच वेळा. एक, बोगस डॉक्टर पकडले तेव्हा. दुसरं, होमिओपॅथीवाल्यांनी ॲलोपॅथीची औषधं लिहायची की नाही यावर. त्यासाठी २०१४ मध्ये कायदा बदलून एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स काढला, त्यावरनं अजून भांडण मिटलेलं नाही. भांडण महत्त्वाचं असेल. पण आजींच्या गोळ्यांची पट्टी उलटी करून कोण बघणार, हे त्यात येत नाही.

शेवटी मीच एक प्रश्न लिहिला. स्टॉकिस्टच्या बिलाच्या पाठीमागं, अगदी त्यांच्याच भाषेत. "सन्माननीय ........ मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) कोल्हापूर शहराच्या पेठांमधील जुने खाजगी दवाखाने बंद होत असून त्या जागी नवीन डॉक्टर येत नसल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, नेहमीचा डॉक्टर नसलेली कुटुंबे किती, याची शासनाकडे नोंद आहे काय, (३) ॲडमिट न होता होणारा तपासणी व औषधांचा खर्च कोणत्याही योजनेत घेण्याचा शासनाचा विचार आहे काय, (४) नसल्यास, कारणे काय आहेत?" लिहिताना मजा आली, खोटं का बोला.

आमच्या गल्लीत एक कार्यकर्ता आहे, आमदारांच्या ऑफिसात ऊठबस असलेला. त्याला दिला. त्यानं दोनदा वाचला.

"वहिनी, झकास लिवलाय. पण मंत्र्याची जागा मोकळी सोडलीसा."

"ती तू भर."

"आरोग्य लिहू? खाजगी डॉक्टर त्यांच्याकडं येत न्हाई. वैद्यकीय शिक्षण? डॉक्टर शिकून भाईर पडला की त्येंचा संबंध संपला."

"मग नगरविकास लिही. महापालिका त्यांच्याकडं."

"दवाखान्यात कॉट हाईत काय?"

"नाहीत."

"मग न्हाई बसत." त्यानं डोकं खाजवलं, बिलाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढला, "साहेबांना टाकतो" म्हणाला आणि जाताना ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन गेला. त्याला तीन आठवडे झाले.

डॉक्टरांनी जाताना माझ्याकडं तीन लाकडी खण आणून ठेवलेत. त्यात पेशंटची कार्डं आहेत, आडनावावार, एका घराची एकाच दोऱ्यात बांधलेली. "जाळायला हात होईना, सूनबाई. माझं अक्षर तुझ्याशिवाय कुणाला लागतंय?" म्हणाले. खण कुलपात आहेत. ज्याचं कार्ड त्यालाच द्यायचं, असं ठरलंय.

मंगळवारी संध्याकाळी मागच्या गल्लीतला एक मुलगा आला. आईचं ऑपरेशन ठरलंय, हॉस्पिटलात विचारलं की कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का? आईला एवढंच आठवतं की फार वर्षांपूर्वी कसलंतरी इंजेक्शन घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या. मी कुलूप काढलं. दोरा सोडला. आजोबांचा दमा, आजींची शुगर, मग आईचं कार्ड, कडा पिवळ्या पडलेलं. मधोमध लाल शाईत, खाली दोन रेघा मारून : पेनिसिलिन, गांधी, ओठ सुजले, पुन्हा देऊ नये. तारीख १९९१ ची. मी ते पावतीपुस्तकाच्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवलं, तारखेसकट, आणि म्हटलं, हे ऑपरेशनच्या डॉक्टरांना आणि भूल देणाऱ्यांना, दोघांनाही दाखव. त्यानं कार्डाचा फोटो काढून घेतला.

"किती झाले, काकू?" त्यानं खिशात हात घालत विचारलं.

"याचे काही नाहीत. मागच्या महिन्याचे सत्तर राहिलेत, तेवढे दे."